नऊ नावे आणि एक ‘कदाचित’

मेजाभोवती नऊ जण जमले आहेत. कुणी पुढे झुकले आहे, कुणी मागच्या गर्दीत अर्धवट झाकले गेले आहे, आणि डावीकडे बसलेल्या जाडजूड गृहस्थाकडे बाकीच्यांचा कान आहे. डी. जॉर्ज थॉम्पसनने कोरलेले हे छापचित्र १ ऑक्टोबर १८५१ रोजी प्रसिद्ध झाले. मूळ चित्र जेम्स विल्यम एडमंड डॉइलचे. शेरलॉक होम्सचा जन्मदाता आर्थर कॉनन डॉइल याचा हा काका. चित्राचा विषय आहे अठराव्या शतकातले प्रसिद्ध इंग्रज चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स यांच्या घरी रंगलेली साहित्यिकांची मैफल.

छापचित्र म्हणून यात फार मोठे काही नाही. त्या काळात अशी ‘थोरांची मांदियाळी’ दाखवणारी चित्रे बरीच निघत. पण इंग्रजी विकिपीडियावर हेच चित्र समोर येते तेव्हा त्याला आणखी एक अंग असते. कर्सर एखाद्या चेहऱ्यावर नेला की त्या माणसाचे नाव उमटते, क्लिक केले की त्याच्यावरचा लेख उघडतो. ही करामत चित्रामागे दडलेल्या पंधरा-एक ओळींची आहे. त्या ओळींत विशेषणे जवळपास नाहीत, क्रियापदे शोधावी लागतात, आणि बहुतेक जागा आकड्यांनी व्यापलेली आहे. तरीही हा मजकूर ओळ न् ओळ वाचावा असा आहे. चित्रासमोर बसून कुणीतरी ते चित्र वाचले, आणि ते वाचन या आकड्यांत उतरले आहे. आणि माझ्या मते हे वाचन मूळ चित्रापेक्षा सरस आहे.

आधी त्याची घडण पाहू. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यासाठी टिम स्टार्लिंग याने ‘इमेजमॅप’ (चित्रावरचा नकाशा) नावाचे एक्स्टेन्शन लिहिले. त्याचे व्याकरण दहा मिनिटांत शिकता येते. पहिल्या ओळीत चित्राच्या फाइलचे नाव, ते किती रुंद दाखवायचे ते, आणि चित्राखालचा मजकूर. पुढच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: आकार, आकडे आणि दुवा. आकार तीनच. ‘रेक्ट’ म्हणजे आयत. त्याला समोरासमोरचे दोन कोपरे सांगायचे. ‘सर्कल’ म्हणजे वर्तुळ. त्याला केंद्र आणि त्रिज्या. ‘पॉली’ म्हणजे बहुभुज. त्याला हवे तितके बिंदू. मोजणी चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि दुसरा आकडा खाली उतरताना वाढतो, म्हणजे शाळेतल्या आलेखाच्या नेमके उलट. आकडे मूळ फाइलच्या पूर्ण आकारावर मोजायचे. पानावर चित्र लहान दिसत असेल तर त्या प्रमाणात नकाशा लहान करण्याचे काम एक्स्टेन्शन स्वतः करते. ‘डिफॉल्ट’ची एक ओळ लिहिली की उरलेल्या सगळ्या जागेला एकच दुवा मिळतो. चौकटीशिवाय टाकलेल्या चित्रावर कोपऱ्यात एक छोटे माहितीचिन्ह येते. नकाशा घातल्यावर चित्रावरचे क्लिक फाइलच्या पानावर जात नाही, आणि चित्रकाराचे नाव व परवान्याचा तपशील तर त्याच पानावर असतो. तिथे जाण्याची वाट बंद पडू नये म्हणून ही सोय.

याची वंशावळ वेबच्या अगदी सुरुवातीपर्यंत जाते. त्या काळी चित्रावर क्लिक केले की त्या बिंदूचे आकडे सर्व्हरकडे जात आणि वाचकाला कुठे पाठवायचे ते तिथला प्रोग्रॅम ठरवी. आकारांची यादी पानातच देऊन हा निर्णय ब्राउझरवर सोपवावा, हा प्रस्ताव ऑगस्ट १९९६ मध्ये आरएफसी १९८० या दस्तऐवजात मांडला गेला आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये ती पद्धत अधिकृत झाली. आणखी मागे गेलो तर छापखान्यात पोचतो. समूहचित्रांच्या छापप्रतींबरोबर अनेकदा एक ‘की प्लेट’ दिली जाई: त्याच चित्राची नुसती बाह्यरेखा, प्रत्येक डोक्यावर क्रमांक आणि खाली नावांची यादी. वाचकाची नजर चित्र, क्रमांक आणि यादी अशी हेलपाटे घालत राही. इमेज मॅपने हे हेलपाटे संपवले आणि क्रमांक चित्रातून पुसून टाकले. रेनॉल्ड्सच्या मैफलीचा नकाशा या जुन्या घराण्यातला आहे.

आता मजकुराकडे वळू. नावांची पहिली ओळ डॉ. सॅम्युअल जॉन्सनची आहे, दुसरी जेम्स बॉसवेलची. चित्रात मात्र सर्वांत डावीकडे बॉसवेल आहे आणि त्याच्या अलीकडे, थोडा पुढे, जॉन्सन. डावीकडून उजवीकडे नावे लिहीत गेला असता तर नकाशाकाराने बॉसवेलपासून सुरुवात केली असती. त्याने क्रम मोडला, कारण मैफलीचा नायक कोण हे त्याला पक्के ठाऊक आहे. तंत्राच्या बाजूनेही हा क्रम चपखल आहे. दोन आकार एकमेकांवर येत असतील तर यादीत जो आधी असेल त्याचा दुवा चालतो, असा एचटीएमएलचा नियम आहे. म्हणजे पुढे बसलेला माणूस आधी लिहायचा आणि मागचा नंतर. जॉन्सनच्या खांद्यामागे बॉसवेल जिथे झाकला जातो, तिथे क्लिक जॉन्सनलाच मिळायला हवे, आणि ते मिळते. एकाच अदलाबदलीत मानही साधला आणि चित्राची खोलीही. योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. पण कवितेत असा योगायोग सापडला तर आपण त्याला कारागिरी म्हणतो.

बहुभुज आखायचा म्हणजे काय करायचे? चित्र एखाद्या संपादकात उघडायचे, गिंपसारख्या साध्या मोफत प्रोग्रॅममध्येही चालते, आणि माणसाच्या कडेने एकेक बिंदू टिपत जायचे. विगची कड, खांदा, कोपर, गुडघा, मग दुसऱ्या बाजूने पुन्हा वर. प्रत्येक बिंदूपाशी एक बारीक प्रश्न उभा राहतो: हा हात कुणाचा? ही काळी छाया कोटाची की खुर्चीची? समूहचित्र पाहताना आपण असले प्रश्न बेधडक टाळतो. नजर चेहऱ्यावरून चेहऱ्यावर उड्या मारत जाते. नकाशाकाराला ही मुभा नाही. जॉन्सन कुठे संपतो आणि रेनॉल्ड्स कुठे सुरू होतो, हे त्याला पिक्सेलमध्ये सांगावे लागते. जॉन्सनची आकृती त्याने डोक्यापासून पार खाली गुडघ्यांपर्यंत नेली आहे. एडमंड बर्कचा बहुभुज तर बराच गुंतागुंतीचा: तो मेजाच्या अलीकडे बसला आहे, अंग तिरके आहे, त्यामुळे रेषेला बरीच वळणे घ्यावी लागली आहेत. ही वळणे वाचकाला कधीच दिसत नाहीत. त्याला एवढेच जाणवते की बर्कच्या कोपरावर कर्सर नेला तरी बर्कचेच नाव येते.

मग येतो पास्क्वाले पाओली, आणि बहुभुजांच्या रांगेत अचानक एक आयत. ४१८, २२० पासून ४५२, २८७ पर्यंत, म्हणजे ३४ पिक्सेल रुंद आणि ६७ उंच. कॉर्सिकाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला आणि १७६९ मध्ये फ्रेंचांकडून हरल्यावर लंडनला आश्रयाला आलेला हा सेनानी बर्क आणि चार्ल्स बर्नी यांच्यामधल्या फटीतून दिसतो. त्याच्या वाट्याला चेहरा आणि छातीचा थोडा भाग एवढेच आले आहे. तेवढ्याला बहुभुजाची गरज नाही, उभी चौकट पुरते. आकाराची निवडच इथे बोलते: दोन खांद्यांमधून डोकावणारा परका पाहुणा. पाओलीची कीर्ती इंग्रजांपर्यंत पोचवणारा बॉसवेल मात्र मेजाच्या पार दुसऱ्या टोकाला बसला आहे. १७६८ मधल्या त्याच्या कॉर्सिकावरच्या पुस्तकाने या दोघांची नावे जोडली; चित्रकाराने त्यांना लांब ठेवले, आणि लेखांचे दुवे त्यांना पुन्हा जवळ आणतात.

लेबले कमालीची तोकडी आहेत. नाव, एक छोटी रेघ, आणि दोन शब्दांत ओळख. जॉन्सन हा कोशकार, बॉसवेल चरित्रकार, गॅरिक नट, गोल्डस्मिथ लेखक. रेनॉल्ड्सच्या नावापुढे चित्रकार असे लिहिलेले नाही, यजमान असे लिहिले आहे. रॉयल अकॅडमीच्या पहिल्या अध्यक्षाची ओळख त्या संध्याकाळपुरती बदलली आहे, आणि ती या खोलीत अगदी बरोबर बसते. बर्कला ‘मुत्सद्दी’ या एका शब्दात गुंडाळले आहे. भारतीय वाचकाला त्या शब्दामागे वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ मध्ये सुरू झालेला महाभियोग दिसतो. लेबलाला तो दाखवायचा नाही, त्यासाठी क्लिक आहे. ही काटकसर हाच लेबलांचा गुण आहे. चित्रावर तरंगणारा मजकूर लांबला की चेहरा झाकतो.

पण या दोन-दोन शब्दांनी नकळत एक गंमत उघड केली आहे. टॉमस वॉर्टनची ओळख ‘राजकवी’ अशी दिली आहे. वॉर्टनला राजकविपद मिळाले १७८५ मध्ये. त्याच्याच शेजारी मेजाच्या उजव्या टोकाला गोल्डस्मिथ बसला आहे, आणि गोल्डस्मिथ १७७४ मध्येच वारला होता. गॅरिक गेला १७७९ ला, खुद्द जॉन्सन १७८४ च्या डिसेंबरात. ज्या ‘क्लब’मुळे हे मित्र एकत्र ओळखले जातात, तो रेनॉल्ड्स आणि जॉन्सन यांनी १७६४ मध्ये सुरू केला, आणि बर्नी त्यात आला तो थेट १७८४ मध्ये. म्हणजे लेबले सांगतात तशी संध्याकाळ लंडनमध्ये कधीच झाली नसणार. डॉइलने वीस वर्षांतली माणसे एका खोलीत बोलावली. नुसते छापचित्र पाहणाऱ्याला हे कळायचे कारण नाही. कागदावर सगळे तितकेच जिवंत. नकाशाने मात्र प्रत्येक चेहऱ्यामागे एक लेख ठेवला आणि प्रत्येक लेखाच्या पहिल्याच ओळीत जन्म-मृत्यूची साले आहेत. चार क्लिक केले की मैफलीची काल्पनिकता उघडी पडते. चित्रकाराने काळ मिटवला होता, नकाशाने तो परत आणला.

भिंतही रिकामी सोडलेली नाही. तिथल्या एका चित्राला आयत देऊन लेबलात लिहिले आहे की हे ‘बहुधा’ रेनॉल्ड्सचे १७८२ मधले ‘द इन्फंट अकॅडमी’ असावे. म्हणजे गोल्डस्मिथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी काढलेल्या चित्राखाली बसला आहे. दुसऱ्या एका चौकटीला ‘अज्ञात चित्र’ म्हटले आहे. डावीकडच्या एका छोट्या गोल तसबिरीसाठी नकाशाकाराने वर्तुळ वापरले: केंद्र १००, १४१ आणि त्रिज्या २०. लेबल: एक अज्ञात व्यक्तिचित्र. जे ओळखता येत नाही त्यालाही जागा मोजून देणे, ही या मजकुरातली मला सर्वांत आवडणारी सवय आहे. सामान्य सूचीकार माहीत असलेले लिहितो आणि उरलेले गाळतो; गाळलेले गाळले आहे हे वाचकाला कळतही नाही. इथे अज्ञानालाही सीमारेषा आहे. कर्सर तिथे गेला की उत्तर येते: पाहिले आहे, ओळखता आलेले नाही.

आता यादीतला शेवटचा माणूस. मागे उभा असलेला, वाढपाचे काम करणारा. त्याची ओळ सांगते: नोकर, कदाचित डॉ. जॉन्सनचा वारस. बाकी नऊ जणांच्या ओळी नावाने सुरू होतात आणि पेशावर संपतात. ही पेशाने सुरू होते आणि नात्यावर संपते. नाव येतच नाही, ते दुव्याच्या पलीकडे आहे: फ्रान्सिस बार्बर. जमैकात गुलामगिरीत जन्मलेला हा मुलगा १७५० च्या सुमारास इंग्लंडला आणला गेला आणि १७५२ मध्ये जॉन्सनच्या घरी नोकर म्हणून आला. जॉन्सनने त्याला शाळेत घातले. तो आरमारात पळाला तेव्हा खटपट करून परत आणवले. आणि मृत्युपत्रात त्याला वर्षाला ७० पौंड आणि उरलेल्या मालमत्तेचा मोठा वाटा दिला. पुढे बार्बर जॉन्सनच्या जन्मगावी, लिचफील्डला, राहायला गेला. १८०१ मध्ये तो वारला.

‘नोकर’ आणि ‘वारस’ हे दोन शब्द एकाच ओळीत शेजारी ठेवण्यात जेवढे नाट्य आहे तेवढे सबंध छापचित्रात नाही. त्यांच्यामधला ‘कदाचित’ही जपून वापरलेला आहे. भिंतीवरच्या चित्राबाबत नकाशाकाराची खात्री बऱ्यापैकी होती, तिथे त्याने ‘बहुधा’ लिहिले. इथे पुरावा विरळ आहे, म्हणून एक पायरी खाली उतरून ‘कदाचित’. शंकेच्याही श्रेणी असतात आणि त्या दोन शब्दांत पाळता येतात, याचे भान फार थोड्या टीकाकारांना असते. शिवाय आकार: या नोकराला बहुभुज मिळाला आहे, जॉन्सनला मिळाला तसाच, टोपाच्या कडेपासून हातापर्यंत बिंदू टिपत काढलेला. पाओलीसारख्या सेनानीला आयतावर भागवणाऱ्या माणसाने इथे कष्ट वाचवलेले नाहीत.

तरी एक गोष्ट खटकते. त्याची ओळ भिंतीवरच्या चित्रांच्याही नंतर येते. आधीचा आकार जिंकतो हा नियम लक्षात घेतला तर परिणाम सरळ आहे: त्याच्या डोक्याचा वरचा भाग जिथे मागच्या चित्राच्या आयतात शिरतो, त्या बारीक पट्टीत नाव चित्राचे येते. खोलीत तो चित्राच्या पुढे उभा आहे. यादीत तो मागे गेला. जॉन्सन-बॉसवेलच्या वेळी पाळलेली खोलीची शिस्त इथे सुटली. ओळ दोन-तीन पायऱ्या वर सरकवली की दोष नाहीसा होतो.

सगळ्यात शेवटी एक अवाढव्य आयत: १२, १० पासून ७०२, ५०० पर्यंत, जवळजवळ सबंध चित्र. त्यावर वाचकाला सूचना आहे की मोठे पाहायचे तर बटण वापरा, नाहीतर दुव्यांवर जा. ही ओळ पहिली आली असती तर तिने सगळी माणसे गिळली असती. शेवटी आल्यामुळे कुणाचीच नसलेली जागा, मेजाखालचा अंधार, पडद्याच्या चुण्या, तेवढीच तिच्या वाट्याला येते. मजकुरातली थेट वाचकाशी बोलणारी ही एकमेव ओळ.

ओळींच्या क्रमाला आणखी एक वाचक आहे. दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर या चित्रापाशी पोचतो तेव्हा त्याला चेहरे नसतात. प्रत्येक आकाराचे लेबल तो दुवा म्हणून एकामागून एक वाचत जातो. जॉन्सन, बॉसवेल, रेनॉल्ड्स, गॅरिक, अशी मैफल कानांनी भरत जाते. एक्स्टेन्शन लेबलाचा मजकूर पर्यायी मजकूर म्हणूनही लावते, त्यामुळे लेबल नीट लिहिणाऱ्याकडून हे आपोआप घडते. ‘इथे क्लिक करा’ अशी लेबले लावणाऱ्याने मात्र या वाचकाला दारातच उभे केलेले असते.

उणिवा सांगायला हव्यातच. हा नकाशा माउसच्या काळातला आहे. फोनवर कर्सर नसतो, त्यामुळे नाव आधी उमटून मग लेख उघडणे हा क्रमच नाहीसा होतो. बोट लावले की सरळ पान बदलते, आणि चित्रावर नजर फिरवत रेंगाळण्याचे सुख जाते. त्यातून चित्र निम्म्या आकारात दिसत असेल तर पाओलीचा आयत १७ पिक्सेलचा उरतो. तो बोटाखाली सापडणे नशिबाचा भाग. दुसरे, आकडे मूळ फाइलला जखडलेले आहेत. उद्या कुणी चांगल्या हेतूने त्याच नावाने अधिक मोठी, स्वच्छ प्रत चढवली, तर सगळे बहुभुज डावीकडे वरच्या कोपऱ्यात आकसतील आणि जॉन्सनचे नाव पडद्याला लागेल. चित्र सुधारणारा आणि नकाशा काढणारा सहसा वेगवेगळे असतात, एकमेकांना ओळखत नसतात, आणि बिघाड पहिल्यांदा वाचकालाच दिसतो.

या आकड्यांचा एक फायदा मराठी विकिपीडियाला सहज घेता येण्यासारखा आहे. निर्देशांकांना भाषा नसते. सगळे बहुभुज जसेच्या तसे उचलायचे, फाइलच्या जागी ‘चित्र:’ लिहायचे आणि फक्त लेबले व दुवे मराठी करायचे. सीमा आखण्याचे किचकट काम एकदा झाले की ते सगळ्या भाषांचे होते; उरते ते दोन-दोन शब्दांत माणूस सांगण्याचे काम, आणि ते मुळातच लेखकाचे आहे. वेरूळच्या ३४ लेण्यांच्या आराखड्यावर किंवा महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांच्या नकाशावर हाच प्रयोग करणाऱ्याला तंत्र आठवडाभर पुरेल, लेबले महिनाभर छळतील.

रेनॉल्ड्सच्या मैफलीचा हा नकाशा कुणी आखला हे वाचकाला दिसत नाही. लेखाच्या संपादन-इतिहासाच्या पानावर संपादकांची टोपणनावे तेवढी असतात. तरी मजकुरातून एक स्वभाव स्पष्ट दिसतो: चित्रातली कोणतीही जागा न पाहता पुढे न जाणारा, कमी शब्दांत भागवणारा, आणि माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहिणारा. समूहचित्रावर लिहिलेल्या लांबलचक लेखांत या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच भेटतात. आणि लेखापेक्षा या मजकुराचा एक गुण अधिक आहे. त्यातला दोष दाखवून थांबण्याचे कारण नाही. वर ‘संपादन’ हे बटण आहे, आणि फ्रान्सिस बार्बरची ओळ भिंतीवरच्या चित्रांच्या आधी नेऊन ठेवायला एका मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही.